जुन्या सायलेन्सरचा आवाज

१

त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता. त्या मुलखात उत्तरेचा वारा म्हणजे भट्टीचं दार कुणी उघडं टाकून गेल्यासारखा. वाळवंटावरून निघतो आणि येताना लाल धूळ उचलून आणतो. सकाळपासून आभाळ विटकरी झालं होतं. गव्हाची कापणी होऊन गेलेली, रानात नुसती धसकटं, आणि घरावरच्या पत्र्याचा एक कोपरा सारखा वाजत होता. असल्या दिवशी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. पण अर्नी ट्रेलोर पडला, कारण गॅरेजवाल्या कॉस्टाने तोच दिवस दिला होता.

अर्नीकडे एक जुनी युट होती. पुढे दोघांची बैठक, मागे उघडा हौदा. तिकडे शेतावरच्या माणसाकडे असतेच. अर्नीची मात्र आठ सिलिंडरची होती, आणि ती काराबूलच्या वेशीवर आली की अख्ख्या गावाला कळायचं, कारण दुसऱ्या गिअरमध्ये तिच्या सायलेन्सरचा पत्रा थरथरायचा. डब्यात खडा टाकून हलवावा, तसा. वर्षानुवर्षं तो तसाच वाजत होता.

त्या आवाजावर त्याच्या बायकोचा दिवस चालायचा. थेल्माचे डोळे गेले होते, पण पुरते गेले नव्हते. मधोमध एक काळा डाग बसला होता. सरळ बघितलं की समोरचं माणूस नाहीसं व्हायचं, आणि मान जरा वळवून बाजूने बघितलं की कडा दिसायच्या. टोपीची कड, खांद्याची कड. बाकी सगळं कानांवर. सायलोच्या, म्हणजे धान्याच्या उंच कोठाराच्या, वळणावर युट खडखडली की ती किटली ठेवायची. फाटकात गुरं ओलांडू नयेत म्हणून जमिनीवर लोखंडी दांडे टाकलेले असतात, त्यांच्यावरून चाकं वाजली की चहा ओतायची. अर्नी बूट काढून जाळीच्या दारातून आत येईतो कप टेबलावर. कधी चूक नाही.

दोघंच होती. एक मुलगी झाली होती, पण ती घरी आलीच नाही. थेल्माने तिचं नाव रूथ ठेवलं होतं. ते नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. थेल्माने काढून बघितलं होतं सुरुवातीला. अर्नी उठून बाहेर जायचा, कुंपणाच्या तारा ओढत बसायचा. मग तिनेही सोडलं.

तर तो सायलेन्सर शेवटी सडला.

"कॉस्टा म्हणतो, बोट घातलं तर आरपार जातं," अर्नीने सांगितलं. "नवा टाकावा लागेल."

"मग टाक की."

"हं. तसा एक दुसराही मिळतो." अर्नी घुटमळला. "दुहेरी. स्टेनलेसचा. इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत सगळा नवा. आवाज जरा... भरीव येतो."

थेल्मा हसायला लागली. "युटच्या जत्रेला पोरं लावून येतात तसला? म्हातारचळ लागला काय रे तुला?"

"नको तर नको. मी आपलं म्हटलं."

"अरे, टाक! जन्मभर लोकांच्या युट गेल्या की मान वळवून बघत आलास. मला दिसत होतं तेव्हा सगळं दिसत होतं. आता नाही टाकणार तर कधी? शवपेटीला लावणार आहेस का?"

अर्नीही हसला. त्याला हो म्हणायला कुणीतरी हवंच होतं.

"मला मात्र नवा आवाज शिकावा लागेल," ती म्हणाली. "शिकेन. त्यात काय."

२

कॉस्टाचं गॅरेज शेजारच्या मोठ्या गावात. कॉस्टाचा आजा ग्रीसहून आलेला, कॉस्टा मात्र तिथलाच, तोंडाने फटकळ आणि हाताने चांगला.

"या, शर्यतवाले या!" त्याने आरोळी दिली. "थेल्माने परवानगी दिली म्हणे."

"तिनेच पाठवलं."

"माझी बायको साधा आरसा बदलू देत नाही मला. वर जाऊ दे गाडी, बाजूला हो."

युट लिफ्टवर चढली. जुना पाइप उतरवताना गंजाचे पापुद्रे कॉस्टाच्या तोंडावर पडले. त्याने शिव्या घातल्या. पाइप खाली आपटला, तो त्याच्या त्या जुन्या खडखडाटासह. मग नवे पाइप चढले, चकचकीत, मनगटाएवढे जाड, वळसे घेत मागे गेलेले. अर्नी खुर्चीत बसून बघत होता. त्याला लाजही वाटत होती आणि गंमतही.

"हा भंगारात टाकतो," जुन्या पाइपला पाय लावत कॉस्टा म्हणाला.

"नको, हौद्यात टाक."

"अरे, सडलाय तो!"

"असू दे. कधीतरी उपयोगी पडतो."

तिकडच्या शेतकऱ्यांचं हे असं. शेडच्या मागे जाऊन बघा, तीन पिढ्यांचं लोखंड पडलेलं असतं. आजच्या खिळ्याला उद्या काम निघतं, असा हिशेब. कॉस्टाने हात जोडले आणि पाइप हौद्यात टाकला.

युट सुरू केली तेव्हा गॅरेजच्या भिंती हलल्या. कॉस्टाने टाळ्या वाजवल्या. अर्नीने वाटेत काच खाली केली, धूळ आत आली तरी खाली ठेवली. सपाट रस्ता, दुतर्फा धसकटं, आणि पाठीमागे तो आवाज, जाडजूड, गुरगुरणारा. एका ठरावीक वेगाला तो गाडीच्या आत घुमायचा, छातीत भरायचा, आणि मग स्वतःचा विचारसुद्धा ऐकू यायचा नाही. अर्नीला ते फार आवडलं. सायलोच्या वळणावर त्याने मुद्दाम पाय जरा दाबला, थेल्माला ऐकू जावं म्हणून.

३

तो आत आला तेव्हा चहा ओतलेला होता. कपावर साय धरली होती.

"कधीचा ओतलायस हा?"

थेल्मा बेसिनपाशी उभी होती. ती दचकली, इतकी की हातातला चमचा खाली पडला.

"कोण आहे?"

"अगं, मी. आणखी कोण?"

"मग मघाशी कोण आलं?" तिने मान वळवून त्याच्याकडे बाजूने बघितलं. "आलास की तू मघाशी. वळणावर खडखडलास, फाटकात वाजलास. मी म्हटलं, लावलाच नाही वाटतं नवा. चहा ठेवला पुढे. बसला होतास खुर्चीत. टोपी दिसली मला."

"मी आत्ता येतोय, थेल्मा."

"बोलला नाहीस काही. पण तू कधी बोलतोस?"

अर्नीने खुर्चीकडे बघितलं. नेहमीची खुर्ची. नेहमीपेक्षा जराशी मागे सरकवलेली, पण तेही नक्की सांगता येईना. कपातला चहा तसाच होता, कुणी तोंड लावलेलं नव्हतं.

"वारा," अर्नी म्हणाला. "उत्तरेच्या वाऱ्यात आवाज लांबून वाहत येतात. शेजारच्या लेसचा ट्रॅक्टर असेल."

"असेल," थेल्मा म्हणाली. "आणि टोपी?"

"टोपी खुंटीवर आहे. तीच दिसली असेल."

टोपी अर्नीच्या डोक्यावर होती. थेल्माला ते दिसलं नाही. त्याने हळूच काढून खुंटीला लावली. का लावली, ते त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं.

बाहेर जिंजर कुठे दिसेना. लाल रंगाची म्हातारी कुत्री, युट आली की हौद्यापाशी नाचायची. अर्नीने हाक मारली तेव्हा ती शेडच्या कडेने आली, त्याला हुंगलं, आणि दात दाखवून पुन्हा मागे गेली.

४

वारा पडला, धूळ बसली, हवा निवळली. आणि तरी रोज चहा ओतलेला असायचा. एकदा अर्धा कप संपलेला होता. मग एकदा कप विसळून पालथा घातलेला होता, आणि बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडं.

अर्नीने मनाशी उत्तरं शोधली. म्हातारपण आहे. आधी डोळे जातात, मग बाकीचं. स्वतःच पीत असेल आणि विसरत असेल. ओळखीच्या कुणाकुणाचं तसं झालं होतं. हे उत्तर वाईट होतं, पण उत्तर होतं, आणि अर्नीने ते धरून ठेवलं.

पलीकडच्या रानातला लेस शिर्मर कुंपणापाशी भेटला. लेस म्हणजे चेष्टेचं पोतं.

"काय हो, राजेसाहेब!" त्याने आवाज दिला. "रयतेला दर्शन दिल्याबद्दल आभारी आहोत."

"काय झालं आता?"

"काय झालं म्हणजे? काल समोरून गेलास. मी बोट उचललं. तर तू अख्खा पंजा दाखवलास, असा, बोटं फाकवून. महाराणी बग्गीतून जाते तशी. नवीन नळकांडी लावली म्हणून एवढा माज?"

तिकडे रस्त्यावर गाडी समोरून आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात. तेवढंच. अख्खा हात केला तर माणूस परगावचा. कुणी कुणाला हे शिकवत नाही, पण चुकत कुणीच नाही.

"काल मी कुठे गेलोच नाही, लेस."

"जा रे! मी काय आंधळा आहे?" मग थेल्माची आठवण होऊन लेस ओशाळला. "म्हणजे, तुझीच युट होती. आणि एक सांग, एवढे पैसे घालून आवाज तोच कसा रे? तसाच खडखडत गेलास की."

अर्नी तसाच वळला. घरी आला आणि शेडच्या मागे गेला.

जुना पाइप त्याने टाकला होता तिथेच होता, गंजक्या नांगराच्या आडोशाला, जिथे दिवसभर ऊन पोचत नाही. खाली हिरवं गवत होतं. पाइपाच्या अंगाला लागून मात्र ते करपून काळं पडलं होतं. जिंजर तिथेच पडली होती, थंडीतलं कुत्रं चुलीशी पडतं तशी, पोट पाइपाला लावून. अर्नीने हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. बोट भाजलं.

आणि पाइप वाजत होता. टिक्. टिक्. लांबून आलेली गाडी बंद केल्यावर लोखंड निवताना वाजतं ना, तसा. अर्नी तिथेच उकिडवा बसला. टिक्‌टिक् मंदावत गेली. निवायला लोखंडाला लागतो तेवढा वेळ लागला, कमी नाही, जास्त नाही.

५

दुसऱ्या दिवशी अर्नीने युट लेसच्या झाडांखाली उभी केली आणि घरी चालत आला. रानातून, बूट हातात घेऊन. आपल्याच घरात चोरासारखं शिरायची पाळी कुणावर येऊ नये. मागच्या दाराने आत आला आणि बोळात भिंतीला लागून उभा राहिला. तिथून स्वयंपाकघराचा दरवाजा अर्धा दिसत होता, खुर्चीची पाठ दिसत होती, आणि पलीकडे जाळीच्या दारातून अंगणाचा उजेड.

थेल्मा गुणगुणत होती. तिने केस विंचरले होते. दुपारच्या चहाला केस विंचरायची तिची रीत नव्हती.

घड्याळ वाजत राहिलं. अर्नीचा पाय भरून आला. त्याला स्वतःचं हसू येऊ लागलं. म्हातारा माणूस, मोजे घालून बोळात उभा. जावं आता पुढे, म्हणावं, भूक लागली.

तेवढ्यात सायलोच्या वळणावर खडखडलं.

दुसरा गिअर. डब्यात खडा. तोच. अर्नीने जन्मभर हा आवाज आतून ऐकला होता, स्टिअरिंगमागे बसून. बाहेरून, घरात उभं राहून, तो पहिल्यांदा ऐकत होता. त्याच्या मनात आलं, थेल्माला असं ऐकू येतं तर. किती बरं वाटत असेल. आणि मग त्याच्या मानेवर काटा आला.

फाटकातले दांडे वाजले. अंगणात इंजिन बंद झालं. जाळीतून अंगण स्वच्छ दिसत होतं, आणि अंगणात काही नव्हतं. जिंजर धावत आली आणि त्या मोकळ्या जागेपाशी नाचू लागली, शेपटी हलवत, उड्या मारत.

जाळीचं दार उघडलं आणि मिटलं. फळ्या वाजल्या, एकामागून एक, बूट काढलेल्या पायांच्या. खुर्ची सरकली.

अर्नी खुर्चीकडे टक लावून बघत होता. खुर्ची रिकामी. त्याने घाम पुसायला मान वळवली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात त्याला दिसलं. टोपीची कड. खांद्याची कड, जरा उतरती, त्याचा डावा खांदा उतरतो तसा. सरळ बघितलं, काही नाही. मान वळवली, आहे. त्या कडांच्या आत चेहऱ्याच्या जागी काय होतं, ते बघायला थोडं आणखी वळावं लागलं असतं. अर्नी वळला नाही.

"आलास?" थेल्मा म्हणाली.

"आलो," अर्नीचा आवाज म्हणाला. खुर्चीतून.

कप ठेवल्याचा आवाज. भुरका. मग तो आवाज पुन्हा आला, हळू, अडखळत, जसा अर्नी बोलला असता, बोलला असता तर.

"थेल्मा, मी रूथला हातात घेतलं होतं. तुला कधी सांगितलं नाही. तू झोपेत होतीस. नर्सने दिली माझ्याकडे. तिची बोटं तुझ्यासारखी होती, लांब. मी तिला म्हटलं, चल, घरी जाऊ. म्हटलं आणि परत दिली."

थेल्माच्या तोंडून जो आवाज निघाला तो अर्नीने आयुष्यात ऐकला नव्हता. मग ती रडली, आणि तिच्या रडण्यात आणखी कुणीतरी रडत होतं.

हे सगळं खरं होतं. अर्नीने हे कुणाला सांगितलं नव्हतं, चर्चमधल्या पाद्र्यालाही नाही. तो बोळात उभा होता आणि त्याचे गाल ओले झाले होते. आत जावं, तर काय म्हणून जावं? जे आपल्याला जन्मभर जमलं नाही ते तिथे चाललेलं, आणि आपण मध्ये जाऊन म्हणायचं, थांबा, तो मी नव्हे?

तो मोजे घातलेल्या पायांनी आला तसा मागच्या मागे गेला.

६

संध्याकाळी तो युट घेऊन आला, त्या भरीव आवाजात. दार आतून लावलेलं होतं. त्याला ठोठावावं लागलं.

"कोण?"

"मीच गं."

कडी निघायला वेळ लागला. थेल्मा बाजूला उभी राहिली, मान वळवून त्याच्या कडा बघत. मग तिने हात पुढे करून त्याचा चेहरा चाचपला, कान, हनुवटी. समाधान झाल्यासारखी ती टेबलाशी बसली.

"बरं झालं आलास. तो येऊन गेला का?"

"कोण?"

"तो मोठ्या गाडीचा. गुरगुरत येतो रोज. मला भीती वाटते त्याची, अर्नी. तुझ्या खुर्चीत बसतो. तुझ्यासारखं बोलायला बघतो. पण तो काही बोलतच नाही रे. नुसता जेवतो आणि बसून राहतो."

अर्नीने ताटातला घास चमच्याने बाजूला सारला.

"आज तू रूथचं बोललास," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "इतकी वर्षं मला वाटायचं, तुझ्या मनात ती नाहीच. मी तुला मनातून माफ केलं नव्हतं, माहीत आहे? आज केलं."

आता इथे अर्नीने सांगायला हवं होतं. सांगायचं एवढंच, की तो मी नव्हतो. त्याने तोंड उघडलंही. पण तिचा चेहरा असा निवांत झाला होता, आणि माफी समोर टेबलावर ठेवलेली होती, गरम चहासारखी. त्याने घेतली.

"हं," तो म्हणाला. "सांगायचं राहून गेलं होतं."

"आणि न्यायचं कधी?"

"कुठे?"

"विसरलास? रूथकडे नेतो म्हणालास ना. दोघं जाऊ म्हणालास. राहायलाच."

चमचा अर्नीच्या हातातून सुटला नाही. त्याने तो बशीत नीट ठेवला. मग फार जपून, लहान मुलाला समजवावं तसं तो म्हणाला, "थेल्मा, नीट ऐक. तो नवा पाइप मला नको झालाय. उद्या मी कॉस्टाकडे जातो आणि जुना परत बसवून घेतो. मग एकच आवाज राहील. आपला. तो दुसरा कुणी यायचा नाही."

"खरंच?"

"खरंच. जुना आवाज ऐकलास की समज, मी आलो. तो ऐकल्याशिवाय दार उघडू नकोस. कुणीही येवो. आणि ऐकलास की चांगले बूट घालून फाटकाशी ये. आपण फिरायला जाऊ, तलावाकडे."

"रूथकडे?"

"बरं," अर्नी म्हणाला. "वाटेत तिच्याकडेही."

थेल्मा हसली. फार दिवसांनी तशी हसली. झोपायच्या आधी तिने चांगले बूट काढून दाराशी ठेवले.

७

"लोक उलटं करतात," कॉस्टा म्हणाला. "सडका काढून नवा लावतात. तू नवा काढून सडका लावतोस. थेल्माने झोडपलं वाटतं?"

"लाव बाबा. बोलू नकोस."

अर्नीचा चेहरा बघून कॉस्टाने चेष्टा आवरली. त्याने भोकांवर पत्र्याची ठिगळं डकवली, जोड वेल्डिंगने धरले. पाइप आता गार होता, साधं लोखंड. अर्नीने पुन्हा पुन्हा हात लावून बघितला. पत्रा मात्र सैलच ठेव, असं त्याने निक्षून सांगितलं. तो खडखडला पाहिजे.

युट खाली उतरली. कॉस्टाने चावी फिरवली.

इंजिन लागलं. हळू, मऊ, शिवणाच्या यंत्रासारखं. कॉस्टाने पाय दाबला, सोडला, पुन्हा दाबला. खाली वाकून सैल पत्रा बोटाने हलवला. पत्रा हलला. वाजला नाही.

"कमाल आहे," कॉस्टा म्हणाला. "एवढ्या भोकांचा पाइप असा मुका कसा? मी आयुष्यात नाही बघितला."

अर्नी तोवर गॅरेजच्या फोनपाशी पोचला होता. घंटा वाजत राहिली. मग उचलला.

"थेल्मा! ऐक..."

"अरे, गाडी चालवताना फोन कशाला करतोस?" ती लगबगीत होती, धाप लागली होती. "ऐकलं मी वळणावर. आले, आले, बूट घालते आहे."

"थेल्मा, मी कॉस्टाकडे आहे. दार उघडू नकोस. मी इथे..."

तिच्या मागून, फोनमधून, लोखंडी दांडे वाजले. मग डब्यातला खडा, अगदी जवळ, अंगणात. आणि जिंजरचं आनंदाने भुंकणं.

"आलासच की!" थेल्मा म्हणाली, फोनला नव्हे, आणि रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं गेली. चांगल्या बुटांची, टाच वाजणारी. जाळीचं दार मिटलं. मग दुसऱ्या कुणीतरी येऊन रिसीव्हर उचलला. क्षणभर नुसता श्वास. मग जागेवर ठेवला, हलक्या हाताने, माणूस दुसऱ्याच्या घरात ठेवतो तसा.

८

रस्ता तोच, सपाट, धसकटांमधून. युट धावत होती आणि तिला आवाज नव्हता. वाटेत समोरून गाड्या आल्या, माणसांनी बोटं उचलली. अर्नीने कुणाला बघितलं नाही. त्याने पाय पार तळाला दाबला होता आणि तो थेल्माच्या नावाने बोलत होता, मोठ्याने. स्वतःचा प्रत्येक शब्द त्याला स्वच्छ ऐकू येत होता. सगळं सांगत होता. बोटं लांब होती. मी तिला म्हटलं, चल. म्हटलं आणि परत दिली.

फाटकातल्या दांड्यांवरून चाकं गेली. दांडे वाजले नाहीत.

दार नुसतं ओढलेलं होतं. किटली अजून कोमट. टेबलावर दोन कप, विसळून, पालथे. दाराशी घरातल्या सपाता, एकाशेजारी एक, नीट लावलेल्या. चांगले बूट नव्हते. कोट नव्हता. खुंटीवरची त्याची जुनी टोपी नव्हती. अर्नीने खोल्या बघितल्या, शेड बघितलं, शेडच्या मागे बघितलं. करपलेल्या गवतावर पाइपाच्या आकाराचा काळा पट्टा तेवढा होता. जिंजरला हाका मारल्या. पलीकडच्या रानात कावळे उडाले.

तो फाटकाशी आला. हवा एकदम गार झाली होती, दक्षिणेचा वारा आला होता, आणि रस्त्यावर दोन्हीकडे, नजर पोचेल तिथवर, काही नव्हतं. धूळसुद्धा नव्हती.

कुंपणाच्या पलीकडून लेस शिर्मर चालत येत होता, हातात तारा ओढायची पक्कड घेऊन. अर्नीला बघून तो थबकला. मग त्याने युटकडे बघितलं, युटच्या रिकाम्या बैठकीकडे बघितलं, आणि पुन्हा अर्नीकडे.

"अरे! परत कधी आलास तू? ऐकूसुद्धा आलं नाही," लेस म्हणाला. "आत्ताच तर गेलात की, दोघंही. थेल्मा काय नटली होती रे, कोटबीट घालून, तुझ्या खांद्याला टेकून बसली होती, आणि मागे हौद्यात तुझी जिंजर. एवढी हसताना मी तिला कधी बघितली नव्हती. मी म्हटलं, चला, म्हातारा सुधारला. मी बोट उचललं ना, तर आज तूही एकच उचललंस, बरोब्बर, आपल्या माणसासारखं."